चांगदेवाने लावलेले नियम

एका औद्योगिक वसाहतीत एक भोळा चांगदेव नोकरीला होता. कारखाना फवारणीच्या पंपांचा. शेतकरी पाठीला बांधून औषध मारतात ना, ते पंप. मी तिथे कँटीन चालवते. दोनशे माणसांचा चहा माझ्या हातचा, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते मला विचारत फिरावं लागत नाही.

पूर्वी रजेचा अर्ज म्हणजे कागद. घाटपांडे मॅडम आमच्या माणसांचं सगळं बघायच्या. त्यांच्या टेबलावर अर्जांचा ढीग आणि ढिगावर वजनाला एक फुटका लोखंडी नट. मग मालकांनी, म्हणजे तात्यांनी, कॉम्प्युटरवर एक सिस्टिम आणली. रजा, हजेरी, तक्रारी, वाढदिवस, सगळं तिच्यात. एकदा नियम लावून दिला की ती आपणहून काम करते. नियम लावायचं काम चांगूला मिळालं.

चांगू कामचुकार नव्हता हो. नऊला पाच कमी असताना खुर्चीत. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. फक्त सांगाल ते करायचा, आणि एकदा शिकवलेलं दिसेल तिथे लावायचा. "कळलं?" विचारलं की "कळलं" म्हणायचा. पुढचा घोटाळा तिथूनच सुरू व्हायचा.

तेव्हा तो हंगामी होता. सहा महिने पुरे झाले की मॅडम कायमचं पत्र देणार, दिलं तर. आणि त्या पत्रावर त्याचं लग्न अडकलं होतं. दशरथ मिस्त्री म्हणजे आमचे फोरमन. त्यांची मालन चांगूला पसंत, आणि मालनला चांगू. मालन हुशार पोर, शिवणाचे क्लास घ्यायची. मी एकदा तिला विचारलं, अगं, या येड्यात काय पाहिलंस? तर म्हणाली, "मावशी, हा मला कधी फसवणार नाही. त्याला येतच नाही ते." मिस्त्रींचं म्हणणं मात्र एकच. कायमचं पत्र दाखव, मग साखरपुडा. पत्र नाही तर मुलगी नाही.

तर पहिल्याच महिन्यात सिद्राम वेल्डरचा रजेचा अर्ज अडकला. अर्ज गेला होता मिस्त्रींच्या मोबाइलवर, आणि मिस्त्री मोबाइल फक्त किती वाजले ते बघायला वापरायचे. चार दिवस गेले. सिद्रामच्या गावची जत्रा होऊन गेली, पाळणे निघून गेले, आणि सिद्राम इथे वेल्डिंग करत बसला.

मॅडमनी चांगूला बोलावलं. "हे बघ, दोन दिवसांत उत्तर आलं नाही की ते आपोआप वरच्या माणसाकडे गेलं पाहिजे. तिथे उत्तर नाही आलं की त्याच्या वरच्याकडे. कळलं?"

"कळलं," चांगू म्हणाला.

त्याने नियम लावला. रजा सुटायला लागल्या. मॅडम खूश. त्या म्हणाल्या, आता वाढदिवसाच्या शुभेच्छांचंही काम सिस्टिमला दे. ज्याचा वाढदिवस त्याला शुभेच्छा आणि स्टोअरमधून पेढ्यांचा एक पुडा.

महिनाअखेरीला रंगखात्यातल्या पारूचा वाढदिवस आला. पारूने पेढे खाल्ले. शुभेच्छांना उत्तर काही दिलं नाही. दोन दिवस झाले. सिस्टिमने तो वाढदिवस मिस्त्रींकडे पाठवला. मिस्त्रींना शुभेच्छा, मिस्त्रींना पुडा. मिस्त्री कुठले मोबाइल बघायला. दोन दिवसांनी वाढदिवस मॅडमकडे. मॅडम गेल्या होत्या बहिणीकडे पुण्याला. आणखी दोन दिवसांनी वाढदिवस तात्यांच्या केबिनमध्ये पोचला.

त्या आठवड्यात तात्यांकडे असे सात वाढदिवस आले. तात्यांना साखरेचा आजार. टेबलावर सात पुडे, आणि एकाही पेढ्याला हात लावायची सोय नाही. शेवटी ते स्वतः केबिनबाहेर आले.

"चांगदेव, माझा वाढदिवस किती वेळा येणार आहे?"

"सात झाले, तात्या. आठवा परवा."

"अरे, माझा वाढदिवस श्रावणात असतो!"

"तो वेगळा, तात्या. तो धरला तर नऊ."

मॅडम परत आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "शुभेच्छांना कोणी उत्तर देतं का रे? उत्तर आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं आणि विषय बंद करायचा. कळलं?"

"कळलं."

आता आमचे स्टोअरकीपर धोंडिबाकाका. एकोणसाठ वर्षांचे, तोंडात तीन दात. एक दिवस जेवणाच्या सुट्टीआधी ते गोदामात नोझलं मोजायला गेले आणि कोणीतरी बाहेरून कडी घातली. काकांच्या मोबाइलची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. तात्यांचा हुकूम होता, तक्रार असेल तर तोंडी सांगायची नाही, सिस्टिमवर टाकायची. काकांनी हुकूम पाळला. तक्रार टाकली: गोदामात अडकलोय, कडी बाहेरून आहे.

सिस्टिमने लगेच उलट विचारलं: आपली तक्रार मिळाली, कृपया गोदामाचा क्रमांक कळवा.

तेवढ्यात काकांचा मोबाइल बंद पडला.

अर्धा तास उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे सगळं ठीक आहे. सिस्टिमने विषय बंद केला आणि पुढे हिरवी खूण केली. मी दोन वाजता चांगूला विचारलं, काका चहाला आले नाहीत, कुठे आहेत? त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "मावशी, काका मजेत आहेत."

सहा वाजता वॉचमनला गोदामातून ठणठण ऐकू आली. काका पंपाच्या टाकीवर नोझल आपटत होते. बाहेर आले ते तडक ऑफिसात.

"मी मेलो असतो रे!"

"असं कसं, काका? तुमच्यापुढे हिरवी खूण आहे."

मॅडमनी काकांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि मग चांगूकडे वळल्या. "माणूस स्वतःच्या तोंडाने 'झालं' म्हणत नाही तोवर विषय बंद करायचा नाही. दर दहा मिनिटांनी विचारायचं, झालं का, झालं का. कळलं?"

"कळलं."

पारू तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. अर्जात डॉक्टरांनी दिलेली तारीख होती. ती तारीख उजाडली आणि पारू खरंच दवाखान्यात दाखल झाली. मोबाइल सासूच्या हातात. सकाळी नऊला मेसेज आला: झालं का?

सासूला वाटलं, काय माया आहे बघा कारखान्याची. तिने नातवाकडून उत्तर लिहून घेतलं: नाही. दहा मिनिटांनी पुन्हा: झालं का? अजून नाही. दहा मिनिटांनी: झालं का? कळा सुरू आहेत. झालं का? डॉक्टरीण आत गेलीय. झालं का? तुम्हाला एवढी कसली घाई? झालं का?

दुपारी तीनला पारूला मुलगी झाली. बाळबाळंतीण खुशाल. सासूने डोळे पुसले आणि कळवलं: झालं.

सिस्टिमने उत्तर दिलं: धन्यवाद, आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाच अंकांत कळवा.

सासू दवाखान्यातून रिक्षा करून थेट कारखान्यात आली. वॉचमनला बाजूला सारलं. "कोण तो एक ते पाच विचारणारा?" चांगू उभा राहिला. तिने त्याच्या गालावर एकच ठेवून दिली, खणखणीत, पाचही बोटं उमटली, आणि आली तशी निघून गेली.

चांगू खाली बसला आणि त्याने सिस्टिममध्ये पाच भरले.

मॅडमचा आवाज त्या दिवशी माझ्या कँटीनपर्यंत आला. "रजेवरच्या माणसाला अजिबात त्रास द्यायचा नाही! त्याच्या नावाने जे काही येईल ते त्याच्या बदली माणसाकडे वळवायचं. काहीही म्हणजे काहीही! कळलं?"

"कळलं."

असे सहा महिने निघाले. मला वाटलं, आता हा घरी जातो आणि मालन बसते रडत. पण मॅडमना दया आली म्हणा, किंवा कसंही म्हणा. मला म्हणाल्या, "मावशी, चुकतो खरा. पण एकदा सांगितलेलं विसरत नाही, आणि उलट बोलत नाही. कुठे मिळतात अशी माणसं?" सहा महिने पुरे होणार होते गुरुवारी. मिस्त्रींनी साखरपुडाही गुरुवारचाच धरला. मॅडम म्हणाल्या, बरोबर अकराला पत्र मोबाइलवर येईल, ते दाखव आणि पाटावर बस.

चांगूने त्या दिवसाची रजा टाकली. अर्जात एक रकाना असतो, बदली कोण? त्याने लिहिलं, धोंडिबाकाका.

मिस्त्रींच्या अंगणात मांडणी झाली. आम्ही सगळे होतो. चांगू नव्या शर्टात पाटावर बसला. मालन समोर, मोतिया साडीत, इतकी गोड दिसत होती की माझेच डोळे भरले. अकरा वाजले. पहिल्या रांगेत बसलेल्या धोंडिबाकाकांचा मोबाइल वाजला.

"पत्र आलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"आलं," चांगू म्हणाला. "काकांकडे."

मिस्त्रींनी काकांचा मोबाइल घेतला आणि मोठ्याने वाचलं. श्री. धोंडिबा यांस कळविण्यात आनंद होतो की आपणास नोकरीत कायम करण्यात येत आहे. काका हळूच म्हणाले, "अरे, मी तर पुढच्या वर्षी रिटायर होतोय."

"हे काय, चांगदेव?"

"बरोबर आहे, मामा. मी आज रजेवर. माझ्या नावाने जे काही येईल ते बदली माणसाकडे." एवढं बोलून चांगू पाटावरून उठला. काकांचा हात धरला आणि त्यांना पाटावर बसवलं. स्वतःची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. काका बिचारे गांगरून बसले. समोर मालन, हातात साखरेचा पुडा.

मागून काकांची बायको कडाडली. "उठताय, की मी येऊ तिथे?"

काका उठले. मिस्त्री लालबुंद. मॅडमनी पदराने तोंड झाकून घेतलं, हसत होत्या की रडत होत्या देव जाणे. मालन तेवढी शांत होती.

"तुझी रजा कधी संपते?" तिने चांगूला विचारलं.

"साडेपाचला."

"आबा, साडेपाचपर्यंत थांबू या."

मग काय, बसलो सगळे. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा पोहे झाले. साडेपाच वाजले, मॅडमनी पत्र पुन्हा पाठवलं, ते चांगूच्या मोबाइलवर आलं, मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं आणि साखरपुडा झाला. निघताना मालनने चांगूला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"लग्नाच्या दिवशी रजाबिजा काही टाकायची नाही. मला धोंडिबाकाकांशी लग्न करायचं नाहीये. कळलं?"

"कळलं," चांगू म्हणाला.

लग्न ठरलं मंगळवारचं, अकरा वीसचा मुहूर्त, मांडव कारखान्यामागच्या मैदानावर. मला आधी सकाळचा चहा उरकायचा होता. नऊला ऑफिसात ट्रे घेऊन गेले तर चांगू खुर्चीत. कपाळाला मुंडावळ्या, गालाला हळद, आणि समोर कॉम्प्युटर.

"अरे मेल्या, आज तुझं लग्न ना?"

"हो, मावशी. अकरा वीसला."

"मग इथे काय करतोयस?"

"रजा नाही टाकलेली. मालनने सांगितलंय."

मी डोक्याला हात लावला. ओढलं, ढकललं, हातापाया पडले. रजा नाही तर जागा सोडायची नाही, हलेना गडी. सव्वाअकराला मांडवातून मिस्त्रींचा फोन आला. मला लांबून ऐकू येत होता. "तीनशे माणसं अक्षता धरून उभी आहेत! येतोस, की मोडू हे लग्न?"

"येऊ कसा, मामा? रजाच नाही."

मॅडम मांडवातच होत्या. त्यांनी फोन हिसकावून घेतला. "चांगदेव, मी तुला गेटपास देते. एका तासाचा. सव्वाबारापर्यंत. लगेच नीघ!"

गेटपास आल्याबरोबर चांगू उठला आणि धावत सुटला. मी मागून. भटजींनी त्याची वाट बघत मंगलाष्टकं अशी लांबवली होती की पोरंटोरं अक्षता खायला लागली होती. पण हार पडले. टाळ्या झाल्या. होम झाला. चांगूच्या शेल्याला मालनच्या शालूची गाठ बसली आणि सप्तपदी सुरू झाली. एक पाऊल, दोन, तीन. मिस्त्रींच्या बायकोने सुटकेचा श्वास सोडला. चार. पाच.

पाचव्या पावलाला चांगूचा मोबाइल वाजला. गेटपास संपायला दहा मिनिटं. मैदानाला वळसा घालून कारखान्याचं गेट दहा मिनिटांवर. चांगूने खाली वाकून गाठ सोडली, नीट घडी घालून शेला भटजींच्या हातात दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला.

भटजी म्हणाले, "दोन पावलं राहिली."

मिस्त्री मटकन खाली बसले. "पाच पावलांवर कुठे लग्न होतं का? पोरीचं वाटोळं केलं मी."

मालन शालू सावरत चालायला लागली. तिच्यामागे मॅडम, मॅडममागे मी, आणि आमच्यामागे अख्खा मांडव. ऑफिसात चांगू बसला होता, सव्वाबाराच्या आत पोचल्याचं समाधान तोंडावर. मालनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. सहा महिन्यांत ती कधी रडली नव्हती. चांगूचं तोंड एवढंसं झालं.

"काय चुकलं?" त्याने विचारलं. खरंच विचारलं हो.

"माझी दोन पावलं राहिली," मालन म्हणाली.

मॅडम पुढे झाल्या. "चांगदेव, नीट ऐक. रजा नाही, पास नाही, काही नाही. आजपासून तुझी साहेब मालन. ती सांगेल तसंच वागायचं."

मालनने डोळे पुसले. "मी तोंडाने 'टाक' म्हणेन तेव्हाच पाऊल टाकायचं. मी म्हटल्याशिवाय एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. कळलं?"

"कळलं."

"मग ऊठ. टाक."

त्याने एक पाऊल टाकलं आणि थांबला. मालनला वाटलं, गंमत करतोय. "टाक," ती म्हणाली. दुसरं पाऊल पडलं. "टाक." तिसरं. ऑफिसच्या दारापर्यंत पोचेस्तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं की ही काही गंमत नाही. पण पोर खंबीर. टाक, टाक, टाक करत तिने त्याला मांडवात आणलं. भटजींनी गाठ पुन्हा बांधली. टाक, सहावं. टाक, सातवं. लग्न लागलं! बँड वाजला, मिस्त्रींनी चांगूला मिठी मारली, तात्यांनी आहेर दिला.

जेवणं झाली आणि वरात निघाली. मांडवापासून चांगूचं घर अर्धा मैल. पुढे बँड, मागे बायका, आणि मधे मालन. टाक. टाक. टाक. बँडवाल्यांनी शेवटी त्याच तालावर वाजवायला घेतलं. ऊन उतरलं तेव्हा आम्ही चांगूच्या दारात पोचलो. चांगूच्या आईने उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. मालनने माप ओलांडलं, घरात पाऊल ठेवलं, मागे वळली आणि "टाक" म्हणायला तोंड उघडलं.

आवाजच येईना. घसा पार बसला होता.

नवी नवरी आत आणि नवरा उंबऱ्याबाहेर, एक पाय उचलून उभा. आई म्हणाली, आत ये की रे. मिस्त्री म्हणाले, ये बाबा. मॅडम म्हणाल्या, चांगदेव, ये! तो कोणाचंच ऐकेना. मालनने हाताने खुणावलं, ये. पुन्हा खुणावलं. दोन्ही हात जोडून खुणावलं.

चांगूने मान हलवली. म्हणाला, "तोंडाने म्हणायचं ठरलंय. खुणेचं काही सांगितलं नव्हतं."